फडक्यात बांधलेला हात

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल उगाच आदर वाटायला नको. उजवा खांदा दुखायला लागला तेव्हा मी एक जुनं मऊ लुगडं फाडलं, त्याची झोळी करून हात गळ्यात बांधला आणि पोळ्यापासून दिवाळी उलटेपर्यंत तसाच ठेवला. मला असं कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, घरच्यांनी नाही, शेजारच्या कांतानंही नाही, आणि कांता तर कोणालाही काहीही सांगते. ही अक्कल सगळी माझी स्वतःची.

त्यामागे शास्त्र होतं. माझं शास्त्र म्हणजे कणीक.

आमच्या बोरी अरब गावात मला लंबी रोटीवाली काकू म्हणतात. ज्यांनी ही रोटी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. कणीक पोळीपेक्षा कितीतरी सैल भिजवायची, परातीत आपटून आपटून तिला तार आणायची, मग ओल्या फडक्याखाली झाकून निवांत पडू द्यायची. नंतर एक गोळा घेऊन या हातावरून त्या हातावर झेलत राहायचा. तो आपल्याच वजनानं लांबत जातो आणि मनगटावरून कोपरापर्यंत उतरतो. मग दोन्ही हात वर उचलून ती चादर चुलीवरच्या उपड्या मडक्यावर अलगद सोडायची. लाटणं नाही, पोळपाट नाही. सगळं काम खांद्यांचं.

तर कणीक ताठ असली, तुटायला लागली, की आम्ही काय करतो? झाकून ठेवतो. पडून राहिली की आपोआप सैल होते. मला वाटलं, खांदाही तसाच. फडक्यात बांधून ठेवू, होईल सैल.

ती पोरगी

हा शहाणपणा म्हातारपणी आला असं समजू नका. मुळात होताच.

लग्न होऊन या गावात आले तेव्हाची मी आठवते आणि मला त्या पोरीच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते. दिसायला बरी होती, एवढंच तिच्या बाजूनं बोलता येईल. सासरच्या पहिल्याच कार्यक्रमात तिनं रोट्या टाकायला घेतल्या. सगळ्या जावा बघताहेत म्हटल्यावर रोटी कोपराच्याही खाली उतरवली, मग कोण कोण बघतंय ते बघायला मान वर केली, आणि रोटी चुलीच्या राखेत. तिनं काय केलं? म्हणाली, चूल वाकडी मांडली आहे.

त्या पोरीचं आणखी एक मत होतं. अंग दुखणं हे कामचुकार बायकांचं काम. गल्लीतल्या बायका उठता-बसता "आई गं" म्हणायच्या, तर ही त्यांची नक्कल करून दाखवायची, आणि नक्कल चांगली करायची. चाळीस वर्षं तिचं काहीच दुखलं नाही, त्यामुळे तिचं मत बदलायचं काही कारणच नव्हतं.

म्हणून साठीच्या उंबरठ्यावर खांदा ठणकायला लागला तेव्हा पहिल्यांदा मला दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटली.

झोळीतले दिवस

सुरुवात काही मोठी नव्हती. वरच्या फळीवरचा पापडाचा डबा ओढला, खांद्यात कळ आली. आठ दिवसांत जाईल म्हटलं. गेली नाही. त्या कुशीवर झोपता येईना. कोणी हाताला नुसता धक्का दिला तरी डोळ्यांपुढे तारे. मग झोळी बांधली. आणि खरं सांगायचं तर झोळीत बरं वाटायचं. हलवलं नाही की दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे बरं होतंय, असा सरळ हिशेब.

घरात आम्ही मोजकी माणसं. हे पोस्टातून निवृत्त झालेले. मुलगा पांढरकवड्याला नोकरीला, शनिवारी येतो. सून वर्षा घरीच शिलाईचं काम करते, अर्ध्या गावाचे ब्लाऊज तिच्याकडे. आणि नात मनू, शाळेत जाणारी.

माझा हात झोळीत गेला तशी माझी सगळी कामं वर्षाकडे गेली. पाणी भरणं, भांडी, दळण आणणं, वर तिचं मशीन. मी ओसरीवर बसून सूचना द्यायचे. एका हातानंही सूचना छान देता येतात.

त्याच दिवसांत तिला एक नवी सवय लागली. आम्ही सगळे खाली बसून जेवायचो आणि ही ताट घेऊन ओट्याजवळ उभी. मी एकदा म्हटलंसुद्धा, "काहून वो, लग्नातल्या बुफेची चटक लागली का तुले?" ती हसली. मीही हसले. माझा विनोद मला नेहमीच आवडतो.

माझी वेणी-फणी यांच्याकडे आली. यांनी आयुष्यभर पोस्टाच्या थैल्यांची तोंडं बांधली. माझ्या अंबाड्याचंही त्यांनी पार्सलच केलं. तीन वेढे, करकचून गाठ, वर एक आडवा आकडा. दिवसभर एक केस हलायचा नाही. मी म्हणायची, आता लाखेचं सील तेवढं राहिलं. ते म्हणायचे, "थांब, पत्ता लिहून देतो."

दिवाळीनंतर खांदा दुखायचा जवळजवळ थांबला. मी विजयी मुद्रेनं झोळी सोडली, आंघोळ केली आणि आरशासमोर कुंकू लावायला उभी राहिले. करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं, हात उचलला, आणि तो छातीपाशी थांबला. दुखला नाही. नुसता थांबला. दाराला आतून कडी असावी तसा. मी जोर लावला. खांदा कानाकडे गेला, कंबर वाकडी झाली, पण बोट काही कपाळापर्यंत पोचेना.

मग मी काय केलं, तर कपाळच खाली बोटाकडे नेलं.

आरशात मागे हे उभे होते. विनोद करण्याची वेळ होती, पण त्यांनी केला नाही. म्हणाले, "उद्या यवतमाळ."

लकवा नाही

एसटीत मी खिडकीशी बसले. हे तिकीट काढत होते, आणि माझ्या डोक्यात एकच शब्द फिरत होता: लकवा. माझी मोठी बहीण लकव्यात गेली. सुरुवात तिच्याही हातापासून झाली होती. पण यांना विचारायची हिंमत होईना, आणि त्यांचीही मला सांगायची होत नव्हती. दोघं वाटभर कापसाचे भाव बोलत गेलो. आम्ही कापूस पेरतसुद्धा नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी आधी मला हात उचलायला सांगितला. मग म्हणाले, आता सैल सोडा, मी उचलतो. त्यांनी उचलला तरी तो तिथंच अडला. नंतर कळलं की ओळख तिथंच पटते. नुसता आळस किंवा भीती असती तर दुसऱ्यानं उचलल्यावर हात वर गेला असता. बोटांत मुंग्या येतात का, पकड ढिली झाली का, पडला होतात का, तेही विचारलं. फोटो काढला. हाडं ठीक होती. रक्त तपासलं तर साखर वाढलेली निघाली. माझ्या अंगात साखर आहे हे यांना पहिल्यांदाच कळलं, असं ते नंतर गावभर सांगत होते.

डॉक्टर म्हणाले, लकवा नाही. खांदा आखडला आहे, सांध्याभोवतीचं आवरण घट्ट झालंय. साखर असणाऱ्यांना हे जास्त होतं, आणि तुम्ही बांधून ठेवून त्याला मदत केली. साखरेच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, खरं औषध खाली फिजिओथेरपीत आहे. वेळ लागेल, काही महिने, कदाचित वर्षही.

लकवा नाही हे ऐकून मी पदर तोंडाला लावला. आणि पुढच्या क्षणी रागावले. माणूस बोरीवरून येतो, आणि त्याला सांगतात, हात हलव. एवढं तर कांतानंही सांगितलं असतं. (तिनं नव्हतं सांगितलं, ते वर लिहिलंच आहे.)

जिना उतरताना मी यांना विचारलं, रोटी टाकता येईल का हो मला परत? ते म्हणाले, आधी कुंकू लागू दे.

दोरी, लोटा आणि मोठा कोनमापक

फिजिओथेरपी म्हणजे विजेचे झटके आणि कडकड मोडणारी हाडं, अशी माझी कल्पना होती. खोलीत गेले तर पडदे लावलेल्या खाटा, भिंतीला एक चाक, छताला कप्पी आणि तिच्यावरून दोरी. एक ट्रक चालवणारा गडी पालथा पडून कंबर शिकत होता. हो, शिकतच होता. कसं वाकायचं, कसं उठायचं, कसं बसायचं. गुडघा बदललेले एक गुरुजी दोन दांड्यांमध्ये चालत होते आणि प्रत्येक पावलाला स्वतःलाच शाबासकी देत होते.

माझ्या वाट्याला आली सायली. राळेगावची पोरगी, माझ्या नातीची मोठी बहीण शोभेल अशी. तिनं आधी हाताला हातच लावला नाही. विचारत बसली. काय काय करता येत नाही? झोप लागते का? कुठल्या कुशीवर? घरी कामं कोण करतं? कशासाठी बरं व्हायचंय? मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला? ती म्हणाली, नाही आजी, प्रत्येकाचं वेगळं असतं. कोणाला गाडी चालवायची असते, कोणाला लेकरू उचलायचं असतं.

मी रोटीचं सांगितलं. तिला पूर्ण समजावून सांगावं लागलं नाही, तिच्या आजीच्या घरी मडकं होतं. मग मोठ्या पायांचा एक कोनमापक काढून तिनं माझा हात मोजला, पुढे किती, बाजूला किती, मागे किती. शाळेत भूमितीत मी नापास व्हायची. इथेही झाले.

मी तिला माझं कणकेचं शास्त्रही ऐकवलं. ती हसली नाही. म्हणाली, "आजी, कणीक घटकाभर झाकली त सैल होते. दिवसभर झाकली त?"

आता याचं उत्तर माझ्याशिवाय कोणाला जास्त माहीत असणार? कडा वाळतात. वरून पापुद्रा येतो, आतून घट्ट गोळा. तिला पुन्हा मऊ करायची तर थोडं कोमट पाणी लावत, हलक्या हातानं, पुन्हा पुन्हा मळत बसावं लागतं. जोर केला की तुटते.

"मंग तेच करू आपन," ती म्हणाली.

आणि खरोखर तेच केलं. आधी शेक. मग ती माझा हात आपल्या हातात धरून सांधा हळूहळू हलवायची, अगदी जिथं कडी लागली आहे तिथपर्यंत न्यायची, थांबायची, पुन्हा थोडं. दुखायचं. दुखत नाही असं मी लिहिणार नाही. पण "थांब" म्हटलं की ती थांबायची, आणि थांबते हे कळल्यावर मी "थांब" कमी म्हणायला लागले.

खरं काम घरचं होतं. वाकून हातात लोटा धरायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. दारावरून दोरी टाकून चांगल्या हातानं वाईट हात वर ओढायचा. आडवं पडून काठी दोन्ही हातांनी डोक्याकडे न्यायची. आणि भिंतीवरून बोटं मुंगीसारखी चालवत वर न्यायची. सायली म्हणाली, आठवड्यातून काही वेळा तुम्ही माझ्याकडे येणार, बाकी सगळा वेळ खांदा तुमच्याकडे असणार.

भिंतीवरची लबाडी

आमच्या दाराच्या चौकटीशेजारी भिंतीवर मनूच्या उंचीच्या खुणा आहेत. त्याच भिंतीवर मी माझ्या बोटांच्या खुणा करायला लागले. मनूला वाटलं आजीशी शर्यत आहे. मलाही तेच वाटलं.

आता लहान पोरीकडून हरायचं म्हणजे काय. मी भिंतीला जरा जवळ सरकायची. मग टाचा उचलायची. मग खांदा कानाला लावून अंग तिरपं करायची. खुणा भराभर वर चढल्या. घरात कौतुक झालं. ती राखेत रोटी पाडणारी पोरगी माझ्यात अजून शाबूत होती.

यवतमाळला जाऊन मी सायलीला भिंतीचा पराक्रम सांगितला. तिनं मला खाटेवर उताणं झोपवलं आणि म्हणाली, आता उचला. झोपलेल्या माणसाला टाचा उचलून उपयोग नसतो. कोनमापक लावला, तर गेल्या खेपेपेक्षा फार फरक नव्हता.

ती रागावली असती तर मी भांडले असते. ती नुसती म्हणाली, "आजी, भित फसते. खांदा नाही फसत."

घरी गेल्यावर मी त्या खुणा ओल्या फडक्यानं पुसल्या आणि खऱ्या खुणा केल्या. बऱ्याच खाली होत्या. मनू म्हणाली, आजी, तू लहान झाली का?

मग उलटा वेडेपणा. आता भरभर वर जायचंच म्हणून मी दोरी अशी ओढली, की जणू विहिरीतून पाणी शेंदते आहे. त्या दिवशी हात सुजल्यासारखा झाला, पुन्हा झोप उडाली, पुन्हा ठणका. मी वर्षाला म्हटलं, फडकं दे, मला बांधायचं आहे. तिनं फडकं दिलं नाही. फोन लावून दिला. सायली म्हणाली, बंद करू नका, कमी करा. तिनं एक नियम सांगितला तो माझ्या कामी आला, तुमच्याही येईल: व्यायाम करताना ताण बसला, थोडं दुखलं आणि घटकाभरानं निवलं, तर ठीक. रात्रभर किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत ठणकत राहिलं, तर आपण जास्त केलं. दुखणं म्हणजे शत्रू नाही, पण त्याचं ऐकावं लागतं.

मडकं

घरातलं एक भांडण लिहिलं नाही तर हे सगळं खोटं होईल.

गावात एकीकडे जेवणं होती, त्यांना लंबी रोटी हवी होती. मी नाही म्हणून कळवलं. वर्षा म्हणाली, आई, तुम्ही शेजारी बसून सांगा, मी टाकून पाहते. तिनं चांगल्या मनानं म्हटलं होतं. मी म्हणाले, माझ्या मडक्याला हात लावायचा नाही.

असं का म्हणाले? कारण मला वाटलं, ती शिकली की मग हात बरा होवो न होवो, कोणाचं काय अडणार आहे? एवढीशी गोष्ट. पण तेव्हा रोट्या टाकणारी बाई उरली नाही तर मी कोण, एवढा मोठा प्रश्न मला मडक्याएवढा दिसत होता. वर्षा उठून मशीनवर जाऊन बसली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही फक्त मशीन चाललं.

तिसऱ्या दिवशी माझ्या खाटेवर दोन ब्लाऊज घडी करून ठेवलेले होते. बाही नेहमीपेक्षा चांगली सैल, बगलेत जास्तीचा तुकडा जोडलेला. आखडलेला हात घालताना मी रोज कशी कण्हते ते तिनं ऐकलं होतं. मी घालून पाहिला. हात सहज गेला. तिला मी काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

कपाळ

बरं होणं असं वाजत-गाजत येत नाही. एक दिवस कान खाजवला आणि मग लक्षात आलं, अरे, उजव्या हातानं खाजवला. मग डोक्यावरून पदर घेता आला. मग एका सकाळी आरशासमोर कुंकवाचं बोट उचललं, ते छातीपाशी थांबलं नाही, हनुवटी ओलांडली, नाक ओलांडलं आणि कपाळाला टेकलं. थोडं तिरपं लागलं. मी ते तसंच ठेवलं. हे म्हणाले, "पार्सल पोचलं."

अंबाडा बांधायला मात्र अजून त्यांनाच लावते. येतो मला. सांगितलेलं नाही.

उन्हाळा लागला तेव्हा सायलीनं परवानगी दिली, पण अटी घालून. मडकं खाली ठेवा, गोळा लहान घ्या, आधी शेक घ्या, दोन-चार रोट्यांवर थांबा. मी अंगणात चूल मांडली. कणीक आपटली, झाकली, घटकाभरच झाकली. आणि वर्षाला हाक मारली. म्हटलं, ये इथं, बघ, आणि नंतर तू टाक.

पहिली रोटी मनगटावरून उतरली, अर्ध्या हातापर्यंत आली. दोन्ही हात उचलले. उजवा डाव्यापेक्षा थोडा मागे राहिला, आणि रोटीला मधोमध मोठं भोक पडलं. तशीच मडक्यावर सोडली. या वेळी चूल वाकडी आहे असं म्हणाले नाही. दुसरी बरी झाली. तिसरी वर्षानं टाकली, तिला दोन भोकं पडली आणि मला, का खोटं बोलू, थोडं बरं वाटलं.

हात आता जवळजवळ पूर्ण वर जातो. पाठीमागे अजून थोडा कमी पडतो. सायली म्हणाली तेवढं राहील कदाचित. राहू दे. पाठ खाजवायला हे आहेत.

कधी जायचं

हे लिहायचं कारण एवढंच. लोक मला विचारतात, काकू, किती दुखलं की जायचं? मी सांगते, किती दुखतं ते मोजू नका. दुखू नये म्हणून तुम्ही काय काय करणं सोडलं ते बघा. डाव्या हातानं वेणी घालायला लागलात का? जिना टाळता का? खाली बसणं बंद केलं का? उठताना भिंत शोधता का? आठवड्यांमागून आठवडे असंच चाललं असेल आणि घरातल्यांना ती तुमची सवय वाटायला लागली असेल, तर दाखवा. पडल्यावर, ऑपरेशननंतर, प्लास्टर काढल्यावरही विचारा, पुढे काय करायचं ते.

आणि काही गोष्टींत व्यायामाची वाट पाहू नका, सरळ डॉक्टर गाठा. हात-पाय अचानक लुळा पडणं, बधिरपणा वाढत जाणं, लघवीवरचा ताबा जाणं, दुखण्यासोबत ताप. आणि डावा हात दुखतोय, छातीवर दडपण आहे, घाम सुटलाय, तर तो खांदा नाही, दवाखाना गाठा. ही यादी सायलीची आहे, मी फक्त पाठ केली.

तर त्या रोट्यांच्या दिवशी अंगणात असंच कोणाला तरी हे ज्ञान देऊन मी आत आले. भोकांच्या रोट्या जेवायला सगळे खाली बसले होते. आणि वर्षा ओट्याजवळ, ताट हातात घेऊन उभी.

मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या हातून चमचा पडला. तो उचलायला तिनं आधी ओटा धरला, एक पाय मागे घेतला, श्वास रोखला, मग खाली गेली. किती महिन्यांपासून ही अशी चमचे उचलते आहे? मशीनवर वाकून, माझ्या वाट्याच्या घागरी उचलून. मी बुफेचा विनोद केला होता. चांगला विनोद होता, असं मला तेव्हा वाटलं होतं.

ती म्हणाली, काही नाही आई, सवय झाली आहे.

मी म्हटलं, उद्या यवतमाळ.

डॉक्टरांनी तिची पाठ तपासली, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले आणि खाली पाठवलं. सायलीनं तिलाही तेच विचारलं, कशासाठी बरं व्हायचंय? वर्षा म्हणाली, खाली बसून जेवायचं आहे. सायलीनं तिला पाठीचे आणि पोटाचे व्यायाम शिकवले, मशीनचं स्टूल किती उंच हवं ते दाखवलं, मधून मधून उठायला सांगितलं, आणि घागरी कोणीतरी दुसऱ्यानं उचलायच्या असं माझ्याकडे बघून सांगितलं.

परत येताना बसस्टँडवर गाडीची वाट पाहत बाकावर बसलो होतो. मी तिची पिशवी माझ्या उजव्या हातात घेतली होती. तिनं ती परत मागितली नाही. माझ्याकडे न बघता ती म्हणाली:

"आई, तुमी हात बांधून बसल्या होत्या ना, तवा मले लय राग ये तुमचा. मंग वाटे, माह्याही पाठीले कोनी असंच मऊ फडक्यात बांधून चार दिवस बाजूले ठेवून द्यावं."